जुनं धनुष्य, नवं धनुष्य आणि ताणून धरलेला एक मिनिट

दादांचं धनुष्य माझ्याकडे आलं ते एका जुन्या चादरीत गुंडाळून. "खांदा आता साथ देत नाही," ते म्हणाले. "वापरायचं तर वापर, नाहीतर भिंतीला टांग. विकू मात्र नकोस."

दादा माझे सख्खे भाऊ नव्हेत. वयानं वडिलांच्या जवळपास; पण मला बाण सोडायला शिकवला तो त्यांनीच, आणि तिरंदाजीच्या रेंजवरचे लहानथोर सगळेच त्यांना दादा म्हणतात. पंचाईत अशी, की महिन्याभरापूर्वीच मी एक कोरं करकरीत कंपाउंड धनुष्य घेतलं होतं. शिकारीचा हंगाम सुरू व्हायला आठ आठवडे होते आणि मचाणावर न्यायला हात दोनच, धनुष्य एकच. नवं ते चांगलं हे मी गृहीत धरून बसलो होतो. दादांनी विचारलं, "कशात चांगलं?" मला 'वेगात' यापलीकडे उत्तर सुचलं नाही. मग ठरवलं, दोन्ही धनुष्यं मापायची. एकाच माणसानं, एकाच अंतरावरून, आणि शक्य तिथे एकाच बाणानं.

दादांचं धनुष्य ऐंशीच्या दशकातलं. एका चाकाच्या आसापासून दुसऱ्याच्या आसापर्यंत ४५ इंच. मधला रायझर, म्हणजे मूठ असलेला सांगाडा, ओतीव मॅग्नेशियमचा; वर-खाली वाकणारे दोन हात, म्हणजे 'लिंब', लाकडाचे आणि फायबरग्लासचे थर चिकटवून केलेले, दोन टोकांना दोन गोल चाकं. केबली पोलादी, वर प्लॅस्टिकचं आवरण, आणि त्यांच्या टोकांच्या अश्रूच्या आकाराच्या कड्यांत अडकवलेली डॅक्रॉनची दोरी. माझं नवं ३१ इंचाचं. रायझर ॲल्युमिनियमच्या अखंड ठोकळ्यातून कोरून काढलेला, लिंब दुभंगलेले आणि जवळजवळ समांतर, टोकांना गोल चाकांऐवजी वेडेवाकडे कॅम. शेजारी शेजारी ठेवली तर एकाच घराण्यातली वाटणारही नाहीत. पण मूळ कल्पना तीच, अमेरिकेतल्या मिसूरी राज्यातल्या हॉलेस विल्बर ॲलन यांची. त्यांनी धनुष्याच्या टोकांना कप्प्या बसवल्या, १९६६ साली पेटंटचा अर्ज केला आणि १९६९ च्या अखेरीस ते मिळालं. कप्पीचा आस मध्यावर न ठेवता बाजूला सरकवायचा, म्हणजे दोरी पूर्ण मागे आली की हातावरचा भार कमी होतो. बाकीची सगळी वर्षं याच करामतीला धार लावण्यात गेली आहेत.

पहिला आठवडा जुन्या धनुष्यानं एकही बाण न सोडता गेला. मी उत्साहानं पहिल्याच दिवशी ताणायला घेतलं होतं. दादांनी हात धरला. "आधी कापूस फिरव." कापसाचा बोळा घेऊन लिंबांच्या कडांवरून, पाठीवरून, चाकांजवळच्या खाचांपर्यंत हळूहळू फिरवायचा. कुठे कापसाचा तंतू अडकला तर तिथे फायबरग्लासची कूस निघालेली असते, आणि ताणाखाली तिथूनच लिंब फुटतो. लिंब स्वच्छ निघाले. कापूस अडकला तो केबलवर, खालच्या कड्यापासून दोन बोटं वर. प्लॅस्टिकचं आवरण तिथे तडकलं होतं, आणि ते जरा सोलल्यावर आत पोलादाची एक तार तुटून वर आलेली दिसली. ताणलेली केबल तुटली तर तिचं टोक कुठे जाईल हे कुणी सांगू शकत नाही; चेहरा मात्र अगदी जवळ असतो. दादांच्या डब्यात केबलींची एक न वापरलेली जोडी होती, ती घातली, दोरीही बदलली.

दोरीवरून आमचं थोडं वाजलं. माझं म्हणणं, आता मिळते ती न ताणणारी आधुनिक दोरी लावू, फुकटात थोडा वेग मिळेल. दादा ठाम नाही म्हणाले. डॅक्रॉन किंचित ताणतं, आणि बाण सुटल्यावर लिंबांना बसणारा झटका त्या ताणण्यात मुरतो. हे लिंब त्या दोरीच्या हिशेबानं बनलेले आहेत. ताठ दोरी लावली तर तो सगळा झटका लिंबांच्या टोकांवर. जुन्या गाडीला नवं इंजिन बसवून चेसिसला दोष देण्यातला प्रकार. मी गप्प डॅक्रॉन लावलं.

मग आला काटा. लटकवायचा वजनकाटा दोरीला अडकवून मी दोन्ही धनुष्यं इंच-इंच मागे ओढली आणि प्रत्येक इंचाला आकडा लिहिला. माझी ओढ, म्हणजे दोरी जिथवर मागे आणतो ते माप, साडेअठ्ठावीस इंच. जुन्यावर ६० पौंड लिहिलेलं, भरलं ५७. इतक्या वर्षांत तीन पौंड गेले तर तक्रार नाही. पूर्ण ओढीला हातावर उरत होते २९ पौंड, म्हणजे निम्मी सूट. नव्याचा कमाल भार मी ६० वर लावला होता आणि पूर्ण ओढीला उरत होते फक्त ९. ही ८५ टक्के सूट.

आकडे आलेख कागदावर मांडले तेव्हा पहिलं आश्चर्य समोर आलं. जुन्याची रेघ टेकडीसारखी: हळूहळू चढ, मध्यावर शिखर, हळूहळू उतार. नव्याची रेघ पठारासारखी: पहिल्या तीन-चार इंचांतच ५५ च्या पुढे, तिथेच बराच वेळ सपाट, आणि शेवटी कड्यावरून पडावं तशी खाली. या रेघेखालचं क्षेत्रफळ म्हणजे धनुष्यात साठलेली ऊर्जा. चौकोन मोजले: जुन्यात सुमारे ५४ फूट-पौंड, नव्यात ७९. शिखर जवळपास तेवढंच आणि साठा जवळजवळ दीडपट! यातला काही भाग कॅमच्या आकाराचा आणि काही भाग साध्या लांबीचा आहे. जुन्यात सैल दोरी मुठीपासून साडेआठ इंचांवर असते, नव्यात सव्वासहा. तेवढे सव्वादोन इंच नवं धनुष्य बाणाला जास्त ढकलतं.

अर्थात ही जास्तीची ऊर्जा येते माझ्याच पाठीतून. 'साठ पौंड म्हणजे साठ पौंड' असं समजून मी नवं धनुष्य घेतलं होतं. उभ्यानं ते जाणवलं नाही. खुर्चीवर बसून, अंगात जाड जॅकेट घालून ओढायला गेलो तेव्हा धनुष्य आकाशाकडे वर करून, कोपर हिसकावून ओढावं लागलं. जनावरासमोर असा हातवारे करणारा माणूस म्हणजे बुजगावणंच. दादांचं ५७ पौंडांचं मी बसल्या बसल्या, समोर धरून, सरळ मागे आणत होतो.

वेग मोजायला क्रोनोग्राफ उसना आणला. बाण दोन प्रकारचे. एक दादांचे २११७ चे ॲल्युमिनियम. या आकड्यात बाणाची कुंडली असते: पहिले दोन अंक म्हणजे बाहेरचा व्यास, २१/६४ इंच; पुढचे दोन म्हणजे नळीच्या भिंतीची जाडी, ०.०१७ इंच. टोक, नॉक (दोरीत अडकणारी मागची खाच), पिसं धरून तो ५२० ग्रेन भरला; ग्रेन हे बाणाच्या वजनाचं बारीक माप. दुसरे माझे कार्बनचे, ४०० ग्रेनचे. योगायोग असा, की दोघांचा ताठपणा सारखाच. आधारांमध्ये २८ इंच अंतर ठेवून मधोमध ८८० ग्रॅमचं वजन टांगलं की दोन्ही ०.४०० इंच वाकतात. म्हणून दोन्ही बाण दोन्ही धनुष्यांतून सोडून पाहता आले. जुन्यातून हलका बाण सोडायला दादा तयार नव्हते. हलका बाण ऊर्जा पूर्ण उचलत नाही आणि उरलेली धनुष्यातच आदळते. तरी मोजणीपुरते तीन, असा तह झाला.

जड बाण: जुन्यातून १८७ फूट प्रति सेकंद, नव्यातून २३९. हलका: जुन्यातून २०८, नव्यातून २७०. बाणाचं ग्रेनमधलं वजन गुणिले वेगाचा वर्ग, भागिले ४५०२४०, या हिशेबानं गतिज ऊर्जा निघते फूट-पौंडांत. जुनं धनुष्य जड बाणाला ४० देतं, हलक्याला ३८. नवं जड बाणाला ६६, हलक्याला ६५. साठवलेल्या ५४ पैकी ४० म्हणजे जुन्याची कमाई पाऊण हिश्शाची. ७९ पैकी ६६ म्हणजे नव्याची सहातल्या पाच हिश्शांची. उरलेली ऊर्जा कुठे जाते? लिंबांच्या थरथरीत, केबलींच्या नाचात, तळहाताला बसणाऱ्या झटक्यात आणि आवाजात.

आणि आवाज खरंच ऐकण्यासारखा होता. पोथ्यापुराणांतून 'धनुष्याचा टणत्कार' वाचत आलेला माणूस मी. दादांचं धनुष्य तो टणत्कार अजून करतं. नवं फक्त 'धप्प' म्हणतं, उशीवर मूठ मारावी तसं. समांतर लिंब सुटताना एक वर आणि एक खाली झेपावतो, दोघांचे धक्के एकमेकांना बरेचसे खाऊन टाकतात, आणि दोरी थांबवायला रबरी टोकाचा दांडा असतो. हे नुसतं कौतुक नाही. ३० यार्डांवर आवाज जनावरापर्यंत सेकंदाच्या आठ शतांशांत पोहोचतो. माझा जड बाण जुन्या धनुष्यातून पोहोचायला जवळपास अर्धा सेकंद घेतो, नव्यातून हलका बाण एकतृतीयांश सेकंद. म्हणजे दचकलेल्या हरणाला उसळीसाठी खाली दबायला जुन्यापुढे ०.४ सेकंद मिळतात आणि नव्यापुढे पाव सेकंद. नुसतं गुरुत्वाकर्षणानं पडलं तरी ०.२ सेकंदांत शरीर साडेसात इंच खाली जातं. याचा अर्थ मी असा लावला, की वेगानं हा प्रश्न सुटत नाही. आवाज मुळात कमी असणं आणि जनावर बेसावध असणं, यानं सुटतो. सेकंदाला ३०० फुटांचा बाणही आवाजापुढे कासवच.

वेगाचा खरा उपयोग दुसरीकडे आहे, अंतराच्या अंदाजात. ३० यार्डांची पिन (नेम धरायची बारीक दांडी) लावून मी मुद्दाम ३५ यार्डांवरून बाण सोडले. जुन्यातून जड बाण मध्यापासून ९ इंच खाली लागला. नव्यातून तोच बाण साडेपाच इंच. नव्यातून हलका, चार इंचांहून थोडा जास्त. हरणाच्या छातीत जिथे बाण लागायला हवा ती जागा साधारण आठ इंच व्यासाची, म्हणजे मध्यापासून चार इंच. पाच यार्डांची चूक जुनं धनुष्य अजिबात पोटात घालत नाही, नवं हलक्या बाणानं जवळजवळ घालतं. पण हल्ली खिशात लेझर रेंजफाइंडर असतो. मचाणावर बसलं, की आधी चार झाडांची अंतरं मापून ठेवायची. तेवढं केलं, की वेगाचा हाही फायदा बराचसा बोथट होतो. मला स्वतःला २५ यार्डांपलीकडे बाण सोडायचाच नाही, हा माझा जुना नियम. तेव्हा वेगाच्या खात्यात मी नव्याला जे पंधरा गुण देणार होतो ते पाचावर आले.

अचूकतेत मला वाटलं होतं, नवं सहज जिंकेल. जिंकलं, पण लगेच नाही. मोजणीच्या पहिल्या आठवड्यात माझे नव्याचे गट जुन्यापेक्षा फुगलेले होते. ३० यार्डांवर जुन्याचे पाच बाण चार इंचांत, नव्याचे सहा-सात. दोष मुठीचा. मी मूठ जरा आवळून धरतो, आणि सुटताना मनगट किंचित वळतं. दादांच्या लांबलचक, साडेआठ इंच अंतराच्या धनुष्यात बाण दोरीपासून कमी अंतरातच सुटतो. माझा गाढवपणा त्याच्यापर्यंत पोहोचायच्या आत तो निघून गेलेला असतो. नव्यात बाण दोरीबरोबर जास्त अंतर जातो आणि माझी प्रत्येक खोड टार्गेटवर लिहून ठेवतो. तळहाताची फक्त अंगठ्याकडची उशी टेकवायची आणि बोटं सैल सोडायची, हे अंगवळणी पडायला अठरा दिवस गेले. त्यानंतर गट साडेतीन इंचांवर आले.

बोटांनी दोरी ओढायचा नादही सोडावा लागला. ४५ इंची धनुष्यात दोरीचा कोन पसरट असतो, तीन बोटं आरामात बसतात. ३१ इंचीत तो इतका टोकदार होतो की बोटं चिमटतात. मनगटाला बांधायचा रिलीज, म्हणजे दोरी पकडून चाप दाबला की सोडणारं साधन, घेतलाच पाहिजे. दादा याला 'घोडा दाबणं' म्हणतात आणि तोंड वाकडं करतात.

पाचव्या आठवड्यात जी चाचणी केली ती खरं तर पहिल्या दिवशी करायला हवी होती. आतापर्यंत मी ओढायचो, पिन स्थिरावली की सोडायचो. सगळा मामला चार-पाच सेकंदांचा. पण मचाणावर असं कधी घडतं? जनावराचं डोकं झाडाआड गेलं की ओढायचं, आणि मग ते पुढचं पाऊल टाकेपर्यंत थांबायचं. ते पाऊल तीन सेकंदांत पडतं किंवा पडतच नाही. म्हणून दादांना घड्याळ घेऊन शेजारी बसवलं. मी ओढून धरायचं, त्यांनी 'सोड' म्हटल्यावरच सोडायचं.

जुनं धनुष्य, ताबडतोब सोडलं तर गट चार इंच. पंधरा सेकंद धरलं, सहा इंच. तीस सेकंद धरलं, अकरा इंच, आणि एक बाण टार्गेटच्या लाकडी चौकटीत. २९ पौंड हे आकडा म्हणून फार नाहीत. पण पंचविसाव्या सेकंदाला पाठीचे स्नायू थरथरू लागतात, पिन गोल गोल फिरायला लागते, आणि मन 'आता सोड, आता सोड' म्हणायला लागतं. पिन मध्यावरून जाताना सोडलेला बाण म्हणजे जुगार.

नवं धनुष्य: ताबडतोब साडेतीन इंच. तीस सेकंद, साडेचार. साठ सेकंद, सहा. सत्तराव्या सेकंदाला दादांनी विचारलं, "झोपलास काय रे?" आणि मी बोलून उत्तर देऊ शकलो. ९ पौंड धरणं म्हणजे भरलेली बाजाराची पिशवी धरणं. शिवाय ओढीच्या शेवटी नव्यात भिंत लागते. कॅमचा थांबा लिंबावर टेकला की पुढे दोरी हलत नाही, पाठ त्या भिंतीला टेकवून उभं राहता येतं. जुन्याचा शेवट मऊ, गादीसारखा. रोज कुठे थांबायचं ते अंगानंच ठरवायचं.

त्या संध्याकाळी वहीत मी दोनच आकडे गोल करून ठेवले: २९ आणि ९. जाहिरातींत मोठ्या अक्षरांत छापतात तो वेग, आणि तोही ७० पौंड, ३० इंच ओढ आणि ३५० ग्रेनचा बाण अशा मोजमापावर काढलेला, ज्यातलं एकही माझं नाही. मला खरा फरक पडला तो या वीस पौंडांनी. दादांनाही पटलं. "आमच्या वेळेला," ते म्हणाले, "उशिरा ओढायची कला होती. जनावर पूर्ण वळल्यावर, शेवटच्या क्षणाला. त्यात निम्मी जनावरं हालचाल बघून पळायची. पण ओढल्यावर धरून बसायचं हे आम्हाला माहीतच नव्हतं."

ब्रॉडहेडचा धडा मात्र जुन्याच्या बाजूचा. शिकारीसाठी मी तीन पक्क्या पात्यांचं टोक वापरतो. सरावाच्या साध्या टोकाइतकंच वजन, १२५ ग्रेन. जुन्या धनुष्यातून दोन्ही टोकं २५ यार्डांवर एकाच तळहातात बसली, काही न करता. नव्यातून ब्रॉडहेड पाच इंच डावीकडे. पाती म्हणजे पुढे लावलेले पंख. बाण जरासा तिरका सुटला, की वेगाबरोबर ते त्याला आणखी ओढून नेतात. साध्या टोकाला मागची पिसं सावरून घेतात, त्यामुळे दोष झाकलेला राहतो. ब्रॉडहेड ज्या बाजूला साधी टोकं लागतात त्या बाजूला आणायचं असेल तर रेस्टही, म्हणजे बाण टेकवायचा आधारही, त्याच बाजूला सरकवायचा. अर्धा सूत उजवीकडे सरकवला, पाच इंचांचे दोन झाले. पुन्हा केसभर, आणि दोन्ही एकत्र. अर्ध्या सुताची ही किंमत मला आधी कुणी सांगितली असती तर मी हसलो असतो. नवं धनुष्य घेऊन साध्या टोकांवर सराव करून थेट जंगलात जाणारे लोक मला माहीत आहेत. त्यांनी निदान तीन ब्रॉडहेड टार्गेटवर खराब करावीत. ती स्वस्त पडतात.

देखभालीत तर उलटाच न्याय. जुन्या धनुष्याची दोरी दादा दोन्ही लिंबांचे बोल्ट सारखे सैल करून, एका छोट्या स्क्रूच्या साधनानं, पायरीवर बसून बदलतात. पोलादी केबल वर्षानुवर्षं तेवढीच राहते. तिला पीळ देऊन जुळवता येत नाही हा तिचा अवगुण, आणि तशी गरज पडत नाही हा गुण. नव्याच्या दोऱ्या पहिल्या दोनेकशे बाणांत बसत गेल्या. पीपचं, म्हणजे नेम धरायला दोरीत बसवलेल्या कडीचं, छिद्र डोळ्यासमोरून फिरून तिरकं झालं, वरचा कॅम खालच्यापेक्षा आधी थांब्याला लागायला लागला. ते जुळवायला पूर्ण बो-प्रेस, म्हणजे लिंब दाबून दोरी सैल करणारं यंत्र, लागतो, आणि तो माझ्याकडे नाही. ज्याच्याकडे नेलं त्यानं पहिल्या वेळेला वरच्याऐवजी खालच्या केबलला पीळ दिला. चूक माझ्या लक्षात आली ती कॅमवर पांढऱ्या शाईनं केलेल्या खुणेमुळे. तेव्हापासून दोन्ही कॅमवर खुणा आहेत आणि महिन्यातून एकदा मी त्या बघतो. जंगलात दोन दिवस चालत आत जाणार असेन तर मी अजूनही दादांचं धनुष्य नेईन. तिथे प्रेस कुठून आणणार?

पण यंदा मचाण वाटेपासून फार लांब नव्हतं. नवं न्यायचं ठरलं. आधी मी त्याचा भार ६० वरून ५५ वर आणला. वेग दहाएक फुटांनी उतरला, आणि बसून, जॅकेट घालून, धनुष्य हनुवटीसमोरून सरळ मागे यायला लागलं. बाण मात्र जड घेतला. जड बाणानं तेच धनुष्य आणखी शांत होतं, आणि शिरल्यावर बाण थांबत नाही. दादांचे २११७ नव्या धनुष्यात पाहून दादा खूश झाले. "म्हणजे निम्मं माझंच," म्हणाले.

हंगामाच्या चौथ्या दिवशी सकाळी एक मादी आली. मचाणावर पट्टा बांधून मी दीड तास बसलो होतो. मापून ठेवलेल्या झाडाजवळ ती थांबली, २२ यार्ड. डोकं खोडाआड गेलं तसं मी ओढलं. सरळ, आवाज न करता. मग ती थांबलीच. खांद्यासमोर एक बोटभर जाडीची फांदी आडवी. एक पाऊल पुढे टाकलं असतं तर रस्ता मोकळा होता. पिन तिच्या खांद्यामागे, फांदीच्या कडेला, स्थिर. मी मनात आकडे मोजत होतो, दादांच्या घड्याळासारखे. चाळीस. पन्नास. दादांचं धनुष्य असतं तर केव्हाच काहीतरी निर्णय झाला असता, बहुधा चुकीचा. साठ. साठाच्या पुढे पिन हलकीशी तरंगायला लागली, आणि ती मादी वळून, माझ्याकडे पाठ करून, खाली काहीतरी हुंगायला लागली. बाण सोडण्यासारखं काही उरलं नाही. ताण उतरवायचा आणि पुन्हा संधीची वाट बघायची.

ताण उतरवणं हा प्रकार आठ आठवड्यांत मी एकदाही मापला नव्हता. दादांच्या धनुष्यात तो टेकडी उतरल्यासारखा असतो. २९ वरून ५७ वर सावकाश जातो, तिथून परत खाली. नव्यात पठाराचा तोच कडा आता उलट बाजूनं समोर आला. हात जरा पुढे गेला आणि ८ चे ५५ एकदम झाले. थकलेल्या खांद्याला धनुष्यानं हिसका दिला, मी पुढे ओढला गेलो, रेस्ट खाली पडला आणि बाण रायझरवर आपटून टक्क वाजला. बोट चापाच्या मागे होतं म्हणून बाण सुटला नाही, एवढंच. ती मादी दोन उड्यांत दिसेनाशी झाली.

दादांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हसले. मग विचारलं, "सोडायचा सराव रोज केलास. न सोडण्याचा किती वेळा केला होतास?"

आता रोज शेवटचे पाच बाण मी सोडत नाही. ओढतो, मिनिटभर धरतो, मग कोपर मागेच ठेवून आधी धनुष्याचा हात थोडा आत घेतो आणि त्या कड्यावरून अंगानं, पाठीनं खाली येतो. पहिल्या आठवड्यात पाचांपैकी तीनदा बाण वाजला. काल एकदाही नाही. हंगामाचे अजून तीन आठवडे आहेत.